जावयाने फुगवलेलं टोपण

…तर काल थांबलो कुठे? हां, जावयाने मान हलवली तिथे. तेवढ्यात चहा आला आणि गोष्ट अर्धी राहिली. तर लेकीने ते टोपण दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेलं. साच्यावरून नुकतंच उतरवलेलं, आरपार, लांबट, पाण्याचा थेंब आडवा झोपवावा तसं. गॅरेजमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, मला काय, चकाकलं की टाळी. आणि जावई त्या टोपणासमोर उभे राहून मान एकदा डावीकडे झुकवतात, एकदा उजवीकडे, परत डावीकडे. टाळ्या एकेक करून बंद पडल्या. कारण आमच्याकडे हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे : जावई मान हलवून "छान" म्हणाले तर वस्तू जगली, आणि मान हलवून गप्प राहिले तर मेली.

ते गप्प राहिले.

काल जे बसले नव्हते त्यांच्यासाठी जरा मागून सांगतो, नाहीतर कशाचं टोपण, कशाची लेक, असं व्हायचं. आमची लेक मोटारी दुरुस्त करते. लहानपणी बाहुली दिली तर तिचे हात उपटून परत बसवायची, आणि आधीपेक्षा घट्ट बसवायची. हातात कायम पाना, म्हणून गल्लीने नावच ठेवलं पाना. आता चार माणसं हाताखाली आहेत म्हणून पानाताई. ह्या पानाताईने गॅरेजमागच्या शेडमध्ये स्वतःच्या हाताने एक गाडी बांधली. गाडी म्हणजे तुम्ही समजता तशी नव्हे. तिच्यात दुसरा माणूस बसत नाही, पिशवी मावत नाही, आणि ती फारशी वळतही नाही. लांब, बारीक, जमिनीला चिकटलेली. आमची ही तिला बघून म्हणाली, "लाटण्याला चाकं लावलीत की गं!"

ह्या लाटण्याचं काम एकच, सरळ धावायचं आणि जितकं जोरात धावता येईल तितकं धावायचं. गावापासून लांब एक आटलेलं तळं आहे, तव्यासारखं सपाट. वर्षातून एकदा असल्या वेड्यांचं मंडळ तिथे जमतं. गाडी एकेकटी सोडतात. शर्यत शेजाऱ्याशी नाही, घड्याळाशी. प्रत्येक आकाराच्या इंजिनाचा आजवरचा सगळ्यात मोठा वेग मंडळाच्या फळ्यावर रंगवलेला असतो. लेकीच्या गाडीत मोटारसायकलचं इंजिन. त्या रांगेतला आकडा तिच्या डोळ्यांत कुसळासारखा सलत होता.

गेल्या खेपेला ती धावली तेव्हा डोक्यावर हेल्मेट होतं, पण गाडीला वरून झाकण नव्हतं. वारा हेल्मेट धरून मुळ्यासारखी मान उपटायला बघत होता. मंडळाच्या तपासनिसांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "पानाताई, ह्याच्या पुढचा वेग हवा असेल तर वर बंद टोपण पाहिजे. आरपार दिसणारं, न फुटणारं, आतून-बाहेरून झटक्यात उघडणारं. ते नसेल तर गाडी आणू नका, नुसत्या बघायला या." आणि आमच्या लेकीला नुसतं बघणं कधीच जमलं नाही. तेव्हा टोपण झालं तर धावणं, नाहीतर घरी बसणं, असा तो मामला होता.

आता जावई. लोक म्हणतात जावई म्हणजे दहावा ग्रह. आमचा ग्रह फिरत नाही. एका जागी उभा राहून मान हलवतो. पहिल्यांदा घरी आले ते गॅरेजवर लावायच्या पाटीचं माप घ्यायला. बाहेरच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं. मी चष्मा पुसून बघतो तर हे खिडकीकडे तोंड करून मान डाव्या खांद्यावर, मान उजव्या खांद्यावर. आमच्या हिने मला आत बोलावलं. "अहो, मुलाच्या मानेत काहीतरी दोष आहे."

"मुलगा कुठला? पाटी लावायला आलाय तो."

"असू दे. मला दिसतंय ते दिसतंय."

तिला ते त्याच दिवशी दिसलं होतं. मला लग्नाची तारीख ठरल्यावर दिसलं.

मी बाहेर येऊन काळजीने विचारलं, "शेक-बिक देऊ का मानेला?" तर म्हणाले, "नाही मामा, तुमच्या काचेत लाट आहे. समोरच्या इमारतीची कड बघा. मान हलवली की ती कड मधेच वाकते." मी मान हलवली. वाकली की हो! इतकी वर्षं ती इमारत सरळ उभी होती. त्या दिवसापासून माझ्यापुरती वाकडी झाली ती झालीच.

त्यांचे वडील पाट्या रंगवायचे. हात असा की दुकान चालो न चालो, पाटी वाचायला माणूस थांबायचा. मुलाला मात्र अक्षर नाही. वडील म्हणायचे, "तुझी अक्षरं म्हणजे मांजर मागे लागलेल्या कोंबड्या." म्हणून त्याला मागच्या बाजूला शीट कापायला बसवलं. पारदर्शक प्लॅस्टिकच्या शीट, आतून दिवा लागणाऱ्या पाट्यांसाठी यायला लागल्या होत्या त्या. तिथे हा माणूस रमला. दुसऱ्याला ज्यात काही दिसत नाही त्यात ह्यांना सगळं दिसायला लागलं. घड्याळांच्या दुकानाच्या पेट्या केल्या, माशांच्या टाक्या केल्या, केकवरची झाकणं केली. शीट तापवायची, ती मऊ पडली की वाकवायची, थंड होईपर्यंत धरून ठेवायची. काम एवढंच, पण धरून ठेवणं सगळ्यांना जमत नाही. आमच्या लेकीला तर मुळीच नाही, ती दूध उतू जाईपर्यंतसुद्धा थांबत नाही, गॅसच बंद करते.

एकदा एका दवाखान्यातून नर्सबाई आल्या. नुकत्या जन्मलेल्या बाळांच्या डोक्याभोवती ठेवायच्या पारदर्शक पेट्या हव्या होत्या. जावयाने नमुना दाखवला. बाईंनी तो खिडकीशी नेला आणि परत दिला. म्हणाल्या, "ह्याला जरा पिवळी झाक आहे. मला बाळाचा रंग कळला पाहिजे. बाळ निळं पडतंय की गुलाबी आहे, ते मी ह्यातून बघणार." जावयाने ती शीट टाकून दिली, दुसरी आणली, आणि तेव्हापासून त्यांचं एक पक्कं झालं. मला म्हणाले, "मामा, आपण पेटी करत नाही. पलीकडे जो बघतोय त्याचं बघणं करतो." मी म्हटलं, वा! आमच्या शाळेत गुरुजींनी असं एखादं वाक्य सांगितलं असतं तर मी सातवीच्या पुढे गेलो असतो.

तर आता परत गॅरेजमध्ये चला. लेक टोपण डोक्यावर घेऊन उभी, हात भरून आले तरी खाली ठेवत नाही.

"काय झालं? बोल ना!"

"ह्यातून तुला दिसणार नाही."

"मला तर तू स्वच्छ दिसतोयस."

"मी जवळ उभा आहे. आणि मी उभा आहे. तळ्यावर काहीच उभं नसतं, सगळं अंगावर धावत येतं."

घोटाळा झाला होता तो साच्यात. साचा लेकीने स्वतः लाकडाचा केला होता. आता ती पडली लेथवरची बाई. तिच्या शास्त्राप्रमाणे वस्तू जितकी गुळगुळीत तितकी चांगली. तिने तो साचा घासला, लुकणाने भरला, परत घासला, रंगवला, मोटारीच्या पॉलिशने असा चमकवला की त्यात बघून मी मिशी कातरली असती. जावई आधी म्हणाले होते, "साचा जिथे टेकेल तिथे शीटला खूण उठेल." ती म्हणाली, "खूण खरखरीत साच्याची उठते, मी आरसा केलाय." त्यांनी वाद घातला नाही. जावई वाद घालत नाहीत, शीट तापवतात. आणि झालं काय, की तापलेली शीट लोण्यासारखी मऊ. ती त्या आरशाला चिकटली. धुळीचा कण, पॉलिशचा ओरखडा, हवेचा अडकलेला बुडबुडा, सगळ्याचा छाप तिने उचलला. जितका साचा चकचकीत, तितके छाप स्पष्ट. साच्याला कापड गुंडाळलं असतं तर बरं झालं असतं, पण आरशाला कोण गुंडाळतो कापड?

"मग आता?" लेकीने विचारलं.

"साचाच नको," जावई म्हणाले. "साबणाचा फुगा बघ. त्याला साचा नसतो म्हणून तो तसा असतो. शीटचा फक्त काठ पकडायचा आणि खालून हवा द्यायची. मधल्या भागाला कशाचाच स्पर्श नाही, मग बिघडेल कशाने?"

"आणि आकार कोण देणार? फुगा गोल येईल. माझ्या गाडीला काय टेंगूळ आणायचंय?"

"आकार काठ देतो. काठ गोल तर टोपण वाटीसारखं. काठ लांब, दोन्हीकडे निमुळता, तर उलट्या होडीसारखं. पण गाडीचं वरचं तोंड, जिथून तू आत शिरतेस ते, तू आखूड ठेवलंयस. ते मागे लांबवावं लागेल."

"लांबवावं म्हणजे?"

"कापावं लागेल."

झालं! बाँब पडला असता तर लेक इतकी दचकली नसती. त्या रविवारी जेवताना तेच. पानात कोणाचं लक्ष नाही.

"गाडी मी बांधली," लेक म्हणाली.

"हो."

"एकेक पत्रा वाऱ्यासाठी हाताने वाकवलाय."

"हो."

"आणि तू म्हणतोस, काप."

"हो."

"'हो'शिवाय दुसरं काही येतं का तुला?"

"येतं. माझ्या अंदाजापेक्षा चार बोटं जास्तच काप."

आमची ही म्हणाली, "अगं, आधी जेवा आणि मग भांडा. रिकाम्या पोटी आवाज नीट लागत नाही." पण लेक ताटावरून उठली. पुढे काही दिवस दोघं एका घरात राहून माझ्यामार्फत बोलत होती. "बाबा, त्याला सांगा, किल्ली खुंटीला आहे." "मामा, तिला सांगा, मला दिसली." मी मधल्या मधे टपाल. आणि मंडळाची तारीख तर जवळ येत चाललेली. लेकीचं म्हणणं, थोडी खूण असली तर असली, मी हेच टोपण बसवून जाते. तपासनिसांना टोपण हवंय, हे टोपण आहे. जावयाचं म्हणणं, काही नाहीच. पण मी सांगतो, त्या दिवसांत तो माणूस नीट झोपला नसणार. शेवटी त्या टोपणामागे बसणार होती त्यांची बायको, आणि जोर असा की डोळ्याची पापणी लवायच्या आत फर्लांग मागे पडावा.

मग एका सकाळी त्यांनी गल्लीत स्टूल ठेवलं. बुटकं, लेक गाडीत जितकी खाली बसते तितकं. मला हाक मारली. "मामा, ती लाल बादली घ्या आणि गल्लीच्या टोकाला जा. तिथून इकडे चालत या. घाई नको." लेकीला म्हणाले, "बस. टोपण डोक्यावर घे. बादली कुठे आहे तेवढं सांगत राहा." लेक बसली, पण हाताची घडी घालून, म्हणजे सिनेमा फुकट असला तरी मला आवडणार नाही अशी.

मी निघालो. एवढी गल्ली, एवढी बादली, आणि सगळे शेजारी दारात. विजेच्या खांबापाशी आलो तर लेक ओरडली, "बाबा, बादली कुठे ठेवलीत?"

"हातातच आहे गं!"

"आता दोन झाल्या."

"दोन कशा होतील? मी एकच आणलीय."

"आणि तुम्हीसुद्धा दोन झालात."

आमची ही दारातून म्हणाली, "बघ, बघ, त्यातल्या एखाद्याला तरी अक्कल आहे का!"

सगळी गल्ली हसली. मला आमचे गुरुजी आठवले. त्यांच्या चष्म्याची एक काच तडकलेली होती. दंगा करणारं एक पोर त्यांना दोन दिसायचं आणि मार शेजारच्यालाही बसायचा. शेजारचा बहुतेक मीच असायचो. पण लेक हसत नव्हती. मग जावयाने तिच्या डोक्यावरून ते टोपण काढलं आणि दुसरं ठेवलं. लहान तुकड्याचं, नुसतं हवेने फुगवून बघितलेलं, वाटीसारखं गोल, अगदी बेढब. मला परत गल्लीच्या टोकाला पाठवलं. मी दोन पावलं टाकली असतील नसतील, तोच लेक म्हणाली, "बाबा, बादलीचा कान तुटलाय."

मी बघितलं. खरंच, कडी अडकवायचा एक कान तुटून दोरीने बांधलेला होता. रोज मीच पाणी भरतो त्या बादलीने. मला पत्ता नाही, आणि हिला गल्लीच्या त्या टोकावरून दिसला!

लेकीने टोपण काढून मांडीवर ठेवलं. जावयाकडे बघितलं नाही. उठली आणि शेडमध्ये गेली. थोड्या वेळाने आतून पत्रा कापायच्या मशीनचा आवाज आला, कानठळ्या बसवणारा, आणि दाराच्या फटीतून ठिणग्या. आमची ही म्हणाली, "रागाने काहीतरी मोडतेय का बघा." मी डोकावलो. रागाने नव्हे, खडूने रेघ मारून, अगदी नेटकं कापत होती. आणि जावयाने मागितलं होतं त्यापेक्षा दोन बोटं जास्तच. लेक कोणाची?

पुढचं काम जावयाचं. अशा गाडीला साधी शीट चालत नाही, हातोड्याने मारली तरी न फुटणारी जात लागते. ती त्यांनी मागवली. शीट तापवायची भट्टी त्यांनीच केलेली आहे, पत्र्याची, एका पलंगाएवढी. शीट आत टांगली, भट्टी तापवली, आणि आम्ही सगळे दाराच्या बारीक काचेतून बघतोय. शीट मऊ व्हायच्या ऐवजी सोड्याच्या बाटलीसारखी फसफसायला लागली! आतून बुडबुडेच बुडबुडे. जावयाने कपाळावर हात मारला. ही न फुटणारी जात हवेतला दमटपणा पिऊन बसते. आधी मंद आचेवर दिवसभर वाळवावी लागते. पाट्यांच्या शीटला ते लागत नाही, आणि हात पाट्यांचा. "मामा," ते म्हणाले, "मी शेवटी पाटीवालाच निघालो." पण हसत म्हणाले. दुसरी शीट घेतली आणि वाळत ठेवली, जशी काही घाई कुणाला नव्हतीच.

ती वाळली, तापली, ओल्या चादरीसारखी लोंबायला लागली. सुती हातमोजे घालून दोघांनी ती उचलली, प्लायवूडच्या लांबट भोकावर टाकली, वरून तसंच भोक असलेली दुसरी चौकट ठेवली आणि शिकंजे आवळले. खालून गॅरेजच्या हवेच्या मशीनमधून हवा. थेट झोत लागला तर तेवढाच भाग गार पडतो, म्हणून नळीच्या तोंडावर त्यांनी कापड बांधलं होतं. पंखे बंद, खिडक्या बंद. शीट वर यायला लागली. काय सांगू तुम्हाला! पाणी उभं राहतंय असं वाटलं. आणि तेवढ्यात दार उघडून आमची ही आत. "चहा!"

दारातून आलेल्या गार झुळकीने टोपण एका अंगाला कललं. जसं काही चहा कुठून आला ते बघायला वळलं. लेकीने डोळे मिटले. जावई म्हणाले, "आई, साखर कमी घातलीत ना?" आणि कप घेतला. म्हणून मी म्हणतो, माणूस ओळखायचा तर फुगवलेलं वाया गेल्यावर ओळखावा. आमची ही मात्र इतकी वरमली की पुढच्या वेळी दाराला आतून कडी लावून स्वतःच त्याला पाठ टेकून बसली. आणि बाहेरून कोणी टकटक केलं की दबक्या आवाजात, "मेलं तरी उघडणार नाही!"

तिसरी शीट. पुन्हा वाळवणं, पुन्हा तापवणं, पुन्हा शिकंजे. हवा. शीट चढायला लागली. जावयाने वर आडवी दोरी बांधली होती, लेकीचं हेल्मेट आणि वर मूठभर जागा एवढ्या उंचीवर. टोपण दोरीला लागायच्या बेतात आलं तशी त्यांनी हवा कमी केली, बोटाने, नळीवर, गायकाने सूर धरावा तसा. आणि धरून ठेवलं. लेक शेजारी उभी. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला हात लावायचाय, ठोकून बघायचंय, काहीतरी आवळायचंय. पण उभी राहिली. दूध उतू न जाऊ देणारी आमची लेक, धरून ठेवणं म्हणजे काय ते बघत उभी राहिली.

गार झाल्यावर जावई समोर गेले. मान डावीकडे. मान उजवीकडे. दाराशी बसलेली आमची ही पुटपुटली, "देवा, बोलू दे ह्याला."

"छान," जावई म्हणाले.

मग काठ कापणं, गाडीच्या नव्या तोंडाला बसवणं, बिजागऱ्या, आतून एक आणि बाहेरून एक अशी खिट्टी, ते सगळं लेकीने केलं, आणि खरं सांगायचं तर तिच्यासारखं कोणी केलं नसतं. टोपण बसलं ते असं बसलं की सांध्यावरून नख फिरवलं तर अडकत नाही. गाडी पुसायला कोणी पेट्रोलचं फडकं उचललं तर जावई ओरडायचे, "टोपणाला नाही!" पेट्रोलने ह्या शीटला बारीक तडे जातात म्हणे. सबंध तयारीत त्यांचा आवाज चढला तो तेवढ्यापुरताच.

तळ्यावर आम्ही सगळे गेलो. पांढरी सपाट जमीन, मिठाने कडक झालेली, वर आभाळ. मधे काही नाही. तपासनीस आले. माणूस चांगला, पण देहाने भरभक्कम. टोपणावर बोटाच्या पेराने ठोकलं, खिट्टी चालवली, लेकीला पट्टे आवळून आत बसवलं आणि म्हणाले, "ये बाहेर!" ती इतक्या चपळाईने बाहेर आली की त्यांची टोपी पडली. मग म्हणाले, "आतून मला स्वतःला बघू द्या." आणि शिरले. शिरले ते शिरले. लाटण्यात भोपळा. आतून म्हणतात, "दिसतंय छान. फार छान दिसतंय. तो लांबचा झेंडा पण दिसतोय. आता मला कोणीतरी काढा." चौघांनी खेचून काढलं. कपडे झटकत त्यांनी परवानगी दिली आणि वर म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदाच टोपणाच्या मापाने गाडी कापलेली बघतोय." लेकीने आणि जावयाने एकमेकांकडे बघितलं, आणि मी दुसरीकडे बघितलं.

मग ती गेली. आधी आवाज कमी झाला, मग गाडी ठिपका झाली, मग परत फिरून तयार होऊन उभी राहिली असेल, आपल्याला दिसत नाही. आणि एकदम आवाज आला, कापड फाटत यावं तसा, लांबून जवळ. पांढऱ्या जमिनीवरून एक काळी रेघ सर्रकन समोरून गेली. आमची ही पदराच्या आडून एका डोळ्याने बघत होती. जावई नेहमीच्या जागी, हात मागे बांधून. मान हलत नव्हती. मला वाटतं, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

दोर लावून लेकीची गाडी ओढून आणली. खिट्टी उघडली, टोपण वर गेलं, हेल्मेट निघालं. चेहरा लालबुंद, केस चिकटलेले. फळ्यावरचा आकडा तिने मागे टाकला होता, ते मंडळाचा माणूस आधीच ओरडत धावत आला होता. पण लेक आकडा ऐकतच नव्हती. "दिसत होतं!" एवढंच. "सगळं दिसत होतं! झेंडे, रेघ, रेघेवरचा मिठाचा तुकडा, मी तो चुकवलासुद्धा! बाबा, तुम्ही तर बघ्यांना अडवायच्या दोरीच्या आत उभे होतात, तुम्हाला कोणी सांगितलं तिथे उभं राहायला?" मी म्हटलं, आता कौतुक करायचं की ओरडा खायचा?

मंडळाचे लोक गाडीभोवती. कोणी इंजिनात डोकं घालतंय, कोणी चाकाशी बसलंय, तपासनीस लांबूनच हात हलवतायत, जवळ यायला तयार नाहीत. पाणी पिऊन लेक जरा थंड झाली. मग तिने गाडीला एक फेरी मारली, वाकून बघितलं, टोपणावरून वाऱ्यासारखा हात फिरवला, आणि मला तेव्हाच कळलं की ही आता गप्प बसणार नाही. आकडा पार केला म्हणजे पोट भरलं असं आमच्यात नसतं.

"अरे ऐक ना," ती नवऱ्याला म्हणाली. "पुढच्या वर्षी हे टोपण दोन बोटं खाली आणशील? वारा अजून सटकेल. डोक्यावर जागा उगाच जास्त आहे."

जावयाने टोपणाकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि म्हणाले, "खाली आणायची तर सीट आण. तुझ्या डोळ्यांपुढची जागा माझ्याकडे आहे, तिच्यातलं एक बोटसुद्धा मी सोडणार नाही."